साल

एप्रिलच्या मध्यावर आमच्या टेनेसीच्या डोंगरात
उन्हाळा दाराशी येऊन माघारी फिरतो,
दोन-तीन रात्री हाडं गारठतात.
जुनी माणसं तिला डॉगवुडची थंडी म्हणतात.
ऑर्व्हिल स्टिल्टनर येतो तो नेमका तेव्हा.
गेली चार वर्षं. घेत काहीच नाही.
मालक म्हणतो, आलं तुझं भिजत घोंगडं, तूच बघ.

मी बघते.

कानावर पेन्सिल, हातात सुतळीचा गुंडा,
आणि घड्या पडून पडून कापडासारखा झालेला कागद.
त्यावर अंगण:
गॅसची टाकी, कुत्र्याचं घर
(कुत्रा गेला, घर आहे),
स्वयंपाकघराची खिडकी. तिच्यावर फुली.

मी पाठ झालेलं म्हणून दाखवते.
हा आपल्या रानातला, पांढरा, पानांआधी फुलणारा.
याला बुरशी धरते, डोंगरात उभेच्या उभे वाळले कितीतरी.
हा कूसा, कोरियाकडचा,
महिनाभर उशिरा येतो, टोकदार चांदण्या घेऊन.
रोगाला दाद देत नाही,
पण फळं अशी थोराड की आपल्या पाखरांच्या चोचीत मावत नाहीत.
हा पिवळा, फेब्रुवारीतच उघडतो, दम म्हणून नाही.
आणि या लाल काड्या.
यांना एरवी कुणी विचारत नाही,
बर्फ पडला की फोनवर फोन.

गुलाबी आहे? तो विचारतो. दर वर्षी विचारतो,
आणि दर वर्षी स्वतःच मान हलवतो.
इमोजिनला गुलाबी दिसत नाही आता, म्हणाला,
राखेत मिसळून जातं.

गेल्या वर्षी नुसतं 'नको' होतं.
त्याआधी, 'घरी विचारतो'.

मग पांढराच घ्या, मी म्हटलं.
आणि काहीतरी बोलायचं म्हणून सांगून बसले
की त्या पाकळ्या नसतातच मुळी,
पानंच ती, सोंग घेतलेली,
खरी फुलं मधल्या त्या हिरव्या बटणात.
तो हसला. बावन्न वर्षं मी तिला
पाकळ्या म्हणून आणून देतोय, म्हणाला,
आता गप्प बस. गाडीत आहे ती.

गाडीत कुणी नव्हतं.

ती फाटकापाशी, आमच्या त्या म्हाताऱ्या झाडाजवळ,
जे विकायला नाही, ज्याला फांद्या तीनच उरल्यात.
फुलांकडे तिची पाठ.
दोन्ही तळवे खोडावर,
चौकोन चौकोन तडकलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या सालीवर.
बोटं एकेका खवल्याच्या कडेने चाललेली,
घरातलं जुनं कुलूप अंधारात चाचपावं तशी.

हेच, ती म्हणाली.

मी रांगेतलं रोप आणलं, छातीएवढं.
तिने हात फिरवला.
गुळगुळीत. छत्रीच्या दांड्यासारखं.
हे ते नाही, म्हणाली.

तेच आहे, मी म्हटलं, लहान आहे अजून.

मग अशी साल यायला किती सालं?

मी बुरशीबद्दल बोलू शकले असते.
सावलीबद्दल, निचऱ्याबद्दल.
मालक नळ बंद करून ऐकत होता.
पंधरा, मी म्हटलं. वीसही.

ऑर्व्हिलने कागद उघडला.
पेन्सिल कानावर आहे हे विसरून खिसे चाचपले.
मग फुली खोडली
आणि खिडकीपासून दूर, मागच्या पायऱ्यांशी,
कठडा संपतो तिथे, हाताच्या अंतरावर
नवी मारली.
बघायचं नाही ना मग, तो पुटपुटला,
चार वर्षं खिडकीच मोजत बसलो.

पैसे मोजून दिले, सुट्ट्यांसकट.
मी पावतीवर नेहमीचा शिक्का मारला:
हमी एका सालाची.

कुंडी तिने पायांत धरली,
शेंडा खिडकीबाहेर.
आज रात्री जुनी चादर घाला वरून, मी ओरडले,
थंडी आहे अजून दोन दिवस.
त्याने हात बाहेर काढला, हलवला नाही,
नुसता शेंड्याला आडोसा धरला
आणि पहिल्या गिअरमध्येच
उतार उतरत गेला.